डावं कोपर

मिस्त्रींनी सकाळी घराला लागूनच असलेल्या कारखान्यात येऊन खिडकीखालच्या टेबलावरचा प्लॅस्टिकचा कागद उचलला आणि ते तसेच वाकून बघत राहिले. आदल्या संध्याकाळी त्या कागदाखाली डॉक्टरांच्या गाडीच्या उजव्या दाराचं पॅनल वाळत ठेवलं होतं. पॅनल वाळून टणक झालं होतं. पण हात टेकायच्या जागी, जिथे मिस्त्रींनी जीव ओतून एक फुगीर, डौलदार वळण काढलं होतं, तिथे आता खड्डा होता. खड्डाही साधासुधा नव्हता. एका अंगाला खोल आणि दुसऱ्या अंगाला सावकाश वर येत गेलेला, कोणीतरी निवांत बसून केल्यासारखा.

मिस्त्री मोटारींच्या आतलं काम करत. कंपनी जी दारं सरळ आणि सपाट देते, त्यांची पॅनलं काढून टाकायची आणि त्या जागी लाकडाची, फायबरची वळणदार पॅनलं बसवायची. आधी प्लायवुडचा सांगाडा करायचा, त्यावर बनियनचं कापड ताणायचं, कापडाला रेझिन पाजायचं. ते वाळलं की कापडाचा दगड होतो आणि ज्या वळणात ताणलंय त्याच वळणात जन्मभर राहतो. माणसाचंही असंच असतं, वळण काय लावायचं ते ओलं असतानाच, असं मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकांना ते फार आवडे. घरात हे वाक्य चालत नसे.

आधी त्यांनी मांजरावर संशय घेतला. पण असा खड्डा पाडायला मांजराला एकच पाय असावा लागला असता आणि तोही चांगला जाडजूड. मग त्यांना आठवलं. आदल्या संध्याकाळी बायको फोनवर धाकट्या बहिणीशी भांडत होती. फोनला रेंज अख्ख्या घरात फक्त कारखान्याच्या या खिडकीपाशी मिळे, आणि रेझिनचा वास बाहेर जावा म्हणून पॅनलंही याच खिडकीपाशी वाळत. भांडण मिक्सरच्या झाकणावरून होतं. धाकटीने मिक्सर नेला आणि परत आणला तो तडकलेल्या झाकणाचा. वर म्हणाली, "ताई, ते नेलं तेव्हाच तडकलेलं होतं." बायको आणि मेव्हणी भांडत असताना त्या खोलीत थांबायचं नाही, हा मिस्त्रींचा जुना नियम. ते बाहेर निघून गेले होते. आणि बायको फोन उजव्या हातात धरून, उजवं कोपर टेबलावर टेकून, म्हणजे नेमकं पॅनलवर टेकून, रेझिन वाळेपर्यंत भांडली होती.

याबद्दल बायकोला जाब विचारण्यात अर्थ नव्हता. "मग ते ओलं तिथे ठेवलंत कशाला?" असा प्रश्न आला असता आणि त्यात त्यांचीच फजिती होती. पॅनल पुन्हा करायलाही सवड नव्हती, डॉक्टर संध्याकाळी यायचे होते. मिस्त्रींनी मागून फायबरची मॅट लावून पॅनल भक्कम केलं, खड्ड्याच्या कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून गुळगुळीत केलं, वरून तपकिरी रेक्झिन चढवलं आणि दिवसभर मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत बसले.

डॉक्टर हाडांचे होते. गाडी जुनी, लांब नाकाची, त्यांची लाडकी. ते आत बसले, दार ओढून घेतलं, उजवा हात दारावर टेकला आणि कोपराकडे पाहिलं. मिस्त्री पुढे झाले.

"डॉक्टरसाहेब, त्याचं असं झालं..."

"एक मिनिट." डॉक्टरांनी कोपर उचललं, पुन्हा टेकलं. डोळे मिटले. "मिस्त्री, हा खोलगट भाग मुद्दाम ठेवलाय?"

मिस्त्रींनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"इथून नस जाते," डॉक्टर स्वतःच्या कोपरावर बोट ठेवून म्हणाले. "कडक जागी टेकलं की हाताला मुंग्या येतात. गाड्यांची दारं बनवणाऱ्यांना कोपरं नसतात असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही बरोबर नस सोडून भार घेतलाय. इतकी वर्षं मी कोपरं बघतोय, पण हे मला सुचलं नसतं. तुम्हाला कसं सुचलं?"

माफी अगदी ओठांवर आली होती. मिस्त्रींनी ती गिळली.

"अनुभव," ते म्हणाले.

इथे मिस्त्रींची बाजू थोडी समजून घ्यायला हवी. त्यांनी धंदा सुरू केला तो गाड्यांमधल्या स्पीकरची खोकी करून. त्याला आता जमाना झाला, पण नातेवाइकांत ते 'खोकीवाले'च राहिले. हे नाव मेव्हणीने ठेवलं होतं आणि तिनेच ते आपुलकीने सगळीकडे पोचवलं होतं. आपण करतो ती कला आहे, असं एकदा कोणीतरी शहाण्या माणसाने म्हणावं, एवढीच मिस्त्रींची इच्छा होती. ती आता एक हाडांचा डॉक्टर पुरी करत होता, आणि तीही एका खड्ड्यापायी.

"तुम्ही कलाकार आहात," डॉक्टर म्हणाले. "आता डाव्या दारालाही हुबेहूब असंच करा. मिसेस तिथे बसते, तिचाही हात अवघडतो. आणि रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. गाडीपुढे पाटी लावतात, आतलं काम कोणाचं म्हणून. तुमचं नाव घालतो."

"हुबेहूब करतो," मिस्त्री म्हणाले. त्यांना त्या वेळी ते अवघड वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या पॅनलचा सांगाडा केला, कापड ताणलं, रेझिन पाजलं, ते ओल्या चामड्यासारखं झाल्यावर वर प्लॅस्टिक घातलं आणि स्वतःचं डावं कोपर टेकून उभे राहिले. मिस्त्रींचं कोपर म्हणजे नुसतं हाड. खुंटी ठोकायला भोक पाडावं तसं भोक पडलं. ते पॅनल त्यांनी फोडून टाकलं. मग उजव्या खड्ड्यात प्लॅस्टर ओतून त्याचा साचा घेतला. साचा झकास निघाला, पण तो उजव्या कोपराचा. डाव्या दारावर ठेवला की खोल भाग भलत्याच बाजूला जाई. उलटासुलटा, आडवा, तिरपा, सगळ्या परींनी ठेवून पाहिला, पण उजव्याचं डावं होईना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि मूळ कोपराकडे जायचं ठरवलं.

"अगं, जरा इथे कोपर टेकून उभी राहतेस का? डावं," ते बायकोला म्हणाले.

"कशाला?"

"ताण बघायचाय कापडाचा."

"तुमचं कोपर काय भाड्याने गेलंय?"

"नुसती काय उभी राहतेस, धाकटीला फोन तरी कर. किती दिवसांत बोलणं नाही तुमचं."

बायकोने नवऱ्याकडे निरखून पाहिलं. बहिणीला फोन कर असं हा माणूस लग्न झाल्यापासून प्रथमच म्हणत होता. पण तिला फोन करायचाच होता, तिने केला. कोपर डावं टेकायचं म्हणून फोन डाव्या कानाला लावला. दुर्दैव असं की झाकणाचं भांडण तोवर मिटलं होतं आणि दोघी बहिणी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या. हसू आलं की बायको कोपर उचले, नवल वाटलं की उचले, आणि मधेच "थांब, या कानाने मला नीट ऐकू येत नाही," म्हणून तिने फोन उजव्या कानाला नेला. पॅनलवर उरला तो एक उथळ ठसा. त्यात कोपर सोडाच, लिंबूही स्थिर राहिलं नसतं.

मिस्त्री त्या ठशाकडे बघत विचारात पडले. उजव्या पॅनलमध्ये असं काय होतं, जे यात नव्हतं? राग होता. रागावलेलं माणूस सगळा भार कोपरावर देतं आणि हलत नाही. म्हणजे डावं पॅनल व्हायचं तर दोघी बहिणींचं पुन्हा जुंपायला हवं होतं. हा विचार आपल्या मनात आला याची मिस्त्रींना लाज वाटली. पण प्रदर्शन तीन दिवसांवर आलं होतं, आणि डॉक्टरांनी दरम्यान आणखी दोन हाडांचे डॉक्टर आणून गाडीत बसवले होते. दोघांनीही आळीपाळीने कोपर टेकून माना डोलावल्या होत्या. एकाने तर मिस्त्रींना, तुम्ही शरीरशास्त्र कुठे शिकलात, असं विचारलं होतं आणि मिस्त्रींनी "असंच, घरी" असं उत्तर दिलं होतं.

त्या दुपारी जेवताना त्यांनी भाकरी मोडत मोडत सहज सांगावं तसं सांगितलं, "धाकटी परवा भेटली होती रस्त्यात."

"हं."

"म्हणत होती, ताईच्या हाताला वळणच नाही. जे हातात घेते ते फोडते. झाकणाचं काय घेऊन बसलात, म्हणाली."

बायकोने वाटी खाली ठेवली. मिस्त्रींनी खाली मान घालून जेवण उरकलं आणि लगबगीने कारखान्यात जाऊन डाव्या पॅनलला रेझिन लावलं. रेझिन लवकर वाळवणारा हार्डनर नेहमीपेक्षा जरा कमीच घातला, म्हणजे भांडायला सवड मिळेल. वर प्लॅस्टिक घातलं, टेबल खिडकीला चिकटवलं आणि नियमाप्रमाणे बाहेर निघून जाण्याच्या तयारीत राहिले.

पण बायको खिडकीपाशी आलीच नाही. ती घराबाहेर पडली आणि थेट धाकटीकडे गेली. धाकटी राहायला दोन गल्ल्या सोडून होती. दोघी समोरासमोर बसल्या, आणि समोरासमोर बसलेल्या बहिणींना खरं काय ते कळायला फारसा वेळ लागत नाही. धाकटी भाऊजींना परवाच काय, गेल्या महिन्यातही रस्त्यात भेटली नव्हती.

बायको परत आली ती सरळ कारखान्यात. मिस्त्री टेबलाच्या पलीकडे उभे होते. ती अलीकडे उभी राहिली, उजव्या हाताचं बोट त्यांच्यावर रोखलं, आणि बोट नीट रोखता यावं म्हणून डावं कोपर टेबलावर टेकलं. नेमकं पॅनलवर.

मिस्त्री आधी बोटाकडे बघत होते. मग त्यांचं लक्ष कोपराकडे गेलं. फोनवर भांडताना उजवा हात फोनमध्ये अडकतो, म्हणून उजवंच कोपर टेकलं जातं. डावं कोपर टेकायचं तर माणूस समोर हवा. ही साधी गोष्ट आपल्या आधी लक्षात कशी आली नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

"धाकटी भेटली होती ना तुम्हाला?" बायको म्हणाली. "कुठे भेटली? कोणत्या रस्त्यात? तिने कोणती साडी नेसली होती?"

"चुकलो," मिस्त्री सवयीने म्हणाले. "खोटं बोललो मी."

"कळलं ना? एवढं कबूल करायला..." बायकोचा आवाज उतरला आणि कोपरही उचलायला लागलं. रेझिन अजून कच्चं होतं.

"पण तुझ्या बहिणीचंही थोडं चुकतंच," ते घाईघाईने म्हणाले.

कोपर परत खाली आलं आणि चांगलं रुतलं.

"तिचं काय चुकतं?"

"मला खोकीवाला म्हणते."

"मग खोकीच करत होतात ना? हिऱ्याचे दागिने करत होतात?"

"तूही तसंच म्हणतेस लोकांना."

"मी? मी कधी म्हटलं? सांगा, कधी म्हटलं?"

ती मग बरंच बोलली. तिच्या माहेरच्यांना हे काय काय म्हणाले, कुठल्या लग्नात तोंड फुगवून बसले, घरात रेझिनचा वास येतो म्हणून कोण कोण जेवायला थांबत नाही, यातलं तिने काहीही सोडलं नाही. मिस्त्री एरवी अशा वेळी बाहेर गेले असते. आज ते एका डोळ्याने कोपर बघत उभे राहिले, आणि राग जरा निवतोय असं दिसलं की एखादं वाक्य पुढे सरकवत राहिले. पण थोड्या वेळाने त्यांच्याकडची वाक्यं संपली. नवं खोटं सुचेना. बायकोने दम घेतला, कोपर हललं, आणि मिस्त्रींच्या हाताशी आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे खरं सांगणं.

"झाकण मी तडकवलं," ते म्हणाले.

"काय?"

"मिक्सरचं. लांबी कालवायला भांडं सापडेना, म्हणून झाकण घेतलं. हातातून पडलं. पुसून परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी धाकटी मिक्सर घेऊन गेली."

बायकोचं बोट हवेतच राहिलं. ती धाकटीला जे जे बोलली होती ते एकेक तिला आठवत असावं, कारण चेहरा हळूहळू बदलत गेला. तिने अंगातला सगळा भार डाव्या कोपरावर टाकला आणि फार हळू आवाजात विचारलं, "आणि मी तिच्याशी भांडत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर गेलो होतो."

"बाहेर गेला होतात."

मिस्त्रींना तिच्याकडे बघवेना. खड्डा, पाटी, डॉक्टर, सगळं क्षणभर त्यांच्या डोक्यातून गेलं. आपण फार वाईट वागलो असं त्यांना मनापासून वाटलं, आणि मग थांबणं त्यांनाच जमेना. उजव्या दाराचा खड्डा कसा पडला, डॉक्टरांनी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, आज कशासाठी खोटं बोललो, हे सगळं त्यांनी सांगून टाकलं. बायको न हलता ऐकत होती.

"म्हणजे कोपर माझं," ती शेवटी म्हणाली, "आणि अनुभव तुमचा."

"हो."

"आणि आत्ता मी इथे उभी राहून बोलतेय तेही तुम्ही..."

"सुरुवातीचं. झाकणाच्या पुढचं नाही. ते आपोआप झालं."

तिने कोपर उचललं. खालून टक् असा आवाज आला, पॅनल पक्कं झालं होतं. तिने प्लॅस्टिक सोलून काढलं, खड्ड्यावरून हात फिरवला आणि खिडकीपाशी जाऊन धाकटीला फोन लावला. मिस्त्री बाहेर गेले. या वेळी नियम म्हणून नाही, तोंड लपवायला.

पुढे दोन दिवस घरात अबोला होता. मिस्त्रींनी डाव्या पॅनलला मॅट लावली, घासलं, रेक्झिन चढवलं. शनिवारी डॉक्टर गाडी घ्यायला आले, सोबत डॉक्टरीणबाई. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, लग्नाने झाल्या होत्या. मिस्त्रींची बायको एरवी गिऱ्हाईक आलं की आत राही. आज ती दारात येऊन हाताची घडी घालून उभी राहिली. मिस्त्रींनी तिच्याकडे बघणं टाळलं.

डॉक्टर उजवीकडे बसले, डॉक्टरीणबाई डावीकडे. बाईंनी दारावर हात टेकला आणि त्यांचं कोपर बरंच आत गेलं.

डॉक्टरांनी वाकून डावीकडे बघितलं, बोटाने खोली अजमावली आणि म्हणाले, "मिस्त्री, हे हुबेहूब नाही. हे माझ्यापेक्षा पुष्कळ खोल आहे. दुप्पट असेल."

"असू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण शास्त्राच्या दृष्टीने..."

"तुम्ही गाडी चालवता तेव्हा शेजारी मी बसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला एवढं लागतं." मग कोपर तसंच ठेवून त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "मिस्त्री, हे काम पुरुषाचं नाही. कोणी केलं?"

मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे ती पाटी आली, मोठ्या अक्षरांतली. मग त्यांनी मान खाली घातली आणि दाराकडे हात केला. "हिने. उजवंही हिचंच. मी नुसतं रेक्झिन चढवलं. डॉक्टरसाहेब, पाटीवर हिचं नाव घाला."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग मिस्त्रींची बायकोही हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा. ती पुढे आली, गाडीच्या दारापाशी उभी राहिली आणि डॉक्टरांना म्हणाली, "नाही हो डॉक्टर, पाटीवर यांचंच नाव घाला. हे नसते तर एवढं खोल गेलंच नसतं."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि मिस्त्रींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.